वेलोरचे हात

वेलोरचे नाव निघताच मराठी माणसास किल्ला आठवावा, हे स्वाभाविकच आहे. शिवछत्रपतींच्या दक्षिण दिग्विजयात 1677 साली या किल्ल्यास वेढा पडला आणि पुढल्या वर्षी तो मराठ्यांच्या हाती आला. जवळच्या टेकड्यांवरील साजरा-गोजरा ही नावेही वाचकांस ठाऊक असतील. नोकरीनिमित्त चेन्नईस येऊन पडलेले आम्ही किल्लाच पाहावयास म्हणून गेलो होतो. पण खंदकाकाठी उभे असता आमचे लक्ष राहून राहून स्वतःच्या उजव्या मनगटाकडेच जात होते.

चार महिन्यांपूर्वी सरकारी वसाहतीच्या जिन्यावर पाय घसरून ते मोडले. यथाकाल प्लास्टर निघाले, हाड सांधल्याचे चित्रात दिसले. मूठ मात्र मिटेना. फायलीवर साधा शेरा लिहावयाचा तर लेखणी गळून पडे. दुखते म्हणून हात हलवावयाचा नाही, आणि हलविला नाही म्हणून तो अधिक आखडतो व अधिक दुखतो, अशा फेऱ्यात आम्ही सापडलो होतो. हाड सांधणे निराळे आणि हात परत मिळणे निराळे, हे तेव्हा उमजले. हाच धडा याच गावी पाऊण शतकापूर्वी फार मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला, हे कळल्यावर किल्ल्याइतकाच आम्हांस त्या इतिहासाचा लोभ जडला.

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद 1946 साली वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांचा जन्म तमिळ मुलुखातील कोल्ली डोंगरातलाच, 1914 चा. कुष्ठरोग्यांची बोटे पंजासारखी वळून निकामी होतात, कारण त्यांचे मांसच सडते, असा तेव्हा सर्वत्र समज होता. चिंगलपुटच्या कुष्ठधामात ब्रँडनी अशाच एका वाकड्या हातात आपला हात देऊन रोग्यास दाबावयास सांगितले, तो त्यांना कळ सोसवेना! बोटे लुळी, पण पकड लोखंडी. अर्थ उघड होता : हाताच्या तळव्यातील लहान स्नायू मेले असले तरी कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू जिवंत होते. त्या जिवंत स्नायूंपैकी एखादा मेलेल्याच्या जागी कामास लावता येईल, ही कल्पना त्यांनी उचलली, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेलोरास या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. प्रत्येक बोट मिटविणारे दोन स्नायू असतात. त्यांतील एकाची कंडरा सोडवावयाची, तिचे चार पदर करावयाचे आणि ते चार बोटांना जोडावयाचे, अशी एक रीत होती.

सुरीची कीर्ती झाली ती रास्तच. पण सुरीच्या आधी आणि नंतर जे घडे, त्याची कीर्ती कोणी गाइली नाही. आखडलेल्या सांध्यावर शस्त्रक्रिया करून उपयोग नसे. म्हणून आधी कित्येक दिवस तेलाचे मालीश, मेणाचा शेक, एकेक बोट हळूहळू सरळ करणे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे प्लास्टर. ते निघाले की खरा पेच पुढेच. जन्मभर बोट मिटविण्याचे काम केलेला स्नायू आता ते उघडण्याच्या कामी नेमलेला. पण मेंदूस या बदलीचा हुकूम कोण पोचविणार? (बदलीच्या हुकमाचे महत्त्व आमच्या वाचकांस सांगावयास नको.) रूथ टॉमस या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी व त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी हे काम अंगावर घेतले. रोग्याने जुनीच हालचाल मनात आणावयाची आणि नवी घडताना डोळ्यांनी पाहावयाची. असे शेकडो वेळा.

यातही एक अडचण अशी की, या हातांना वेदना नव्हती. इतर दुखापतीत व्यायाम कोठे थांबवावा ते दुखणेच सांगते. येथे रोगी उत्साहाने वाटेल तितका जोर करी आणि नव्या जोडास अपाय होई. मेण किती कढत आहे तेही त्यास कळत नसे. तेव्हा शिकविणाऱ्याने आपला तळहात रोग्याच्या हातावर फिरवून पाहावयाचे. एखादी जागा अधिक उष्ण किंवा सुजलेली लागली की त्या दिवशी व्यायाम बंद. दुखण्याचे काम दुसऱ्याच्या हाताने करावयाचे! आमच्या मते भौतिकोपचाराचे मर्म इतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. कोणते दुखणे ऐकावे आणि कोणते सोसून पुढे जावे, हा विवेक रोग्यास एकट्याने साधत नाही.

त्याच संस्थेतील तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस यांची गाडी 1954 साली उलटली आणि कमरेखालचे शरीर कायमचे गेले. ब्रँडच्या प्रोत्साहनाने त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ येथे त्यांनी स्वतः पुनर्वसनाचे उपचार घेतले, न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत ते शास्त्र आत्मसात केले, आणि परत येऊन वेलोरच्या त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. तेथील पुनर्वसन संस्था 1966 साली उघडली. त्यांना 1972 साली पद्मश्री मिळाली. 1986 साली त्या वारल्या.

आमच्यावर चेन्नईत उपचार करणारी मुलगी फार तर पंचविशीची असेल. ती आमच्या मुठीत ओल्या टॉवेलची गुंडाळी देते आणि पिळावयास सांगते. "किती दुखतं, सर?" असे ती प्रत्येक वेळी विचारते. पहिले काही दिवस आम्ही मराठी बाण्याने "काही नाही" असे ठोकून देत होतो. वेलोरहून परतल्यावर खरे ते सांगू लागलो. गेल्या सोमवारी तिने गुंडाळी थोडी बारीक केली.