क्लार्साख व स्कॉटिश कथाकथन

क्लार्साख हे हार्पचे गेलिक नाव. या वाद्याच्या साथीने लोककथा सांगण्याची स्कॉटलंडमधील प्रथा अतिप्राचीन समजली जाते. तथापि तिचे आजचे रूप बव्हंशी विसाव्या शतकातील आहे.

आठव्या-नवव्या शतकांतील पिक्टिश शिलांवर त्रिकोणी हार्प कोरलेली आढळते. जुन्या क्लार्साखची नादपेटी एकसंध लाकडातून कोरीत आणि तिच्या पितळी तारा नखांनी छेडीत. नाद घंटेसारखा घुमत राही, त्यामुळे नको असलेली तार बोटाने थांबविणे हेही वादनकौशल्यच होते. ‘क्वीन मेरी’ आणि ‘लॅमाँट’ ही अशी दोन वाद्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

कुलप्रमुखाच्या दरबारात कवी स्तुतिपर किंवा शोकपर काव्य रची, पठणकार ते म्हणे आणि हार्पवादक साथ करी. म्हणजे हार्पचे नाते मुख्यतः पद्याशी होते. फिन व त्याच्या वीरांच्या गद्यकथा मात्र हिवाळी रात्री शेकोटीभोवती, वाद्याविना सांगितल्या जात. हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

दोन्ही परंपरांचे भवितव्यही वेगळे ठरले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्काय बेटावरील डनव्हेगन येथे मॅक्लाउड प्रमुखाच्या आश्रयास असलेला अंध हार्पवादक-कवी रॉडरिक मॉरिसन याने, पुढे त्या वाड्यातील संगीत मूक झाल्याबद्दल हृदयस्पर्शी काव्य रचले. बॅगपाइप व व्हायोलिन यांनी हार्पची जागा घेतली आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा पेशा संपला. कथेला आश्रयदाता लागत नसल्याने ती टिकली. जॉन फ्रान्सिस कँबेलने १८६०–६२ मध्ये पश्चिम उच्चभूमीतील कथांचे चार खंड प्रसिद्ध केले. एडिंबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन संस्थेने असंख्य कथा ध्वनिमुद्रित केल्या.

क्लार्साखच्या पुनरुज्जीवनासाठी १९३१ मध्ये संस्था स्थापन झाली. नव्या वाद्याला आतड्याच्या, पुढे नायलॉनच्या तारा आल्या. वादन बोटांच्या अग्रांनी होऊ लागले. अशा प्रकारे अखंड कथा आणि खंडित वादन एकत्र आले. एडिंबरोतील कथाकथन महोत्सव १९८९ पासून भरतो. तेथील कथाकथन केंद्र २००६ मध्ये उघडले. चांगला वादक निवेदनाखाली सतत वाजवीत नाही. तो विराम भरतो, पात्राला सूर देतो. दोन बहिणींच्या प्रसिद्ध बॅलडमध्ये तर बुडविलेल्या धाकटीच्या अस्थींची हार्प बनते आणि ती स्वतःच खुनाची हकीकत सांगते.