मांडवीचे पाणी आणि चंद्राचा शोध

मानवाने चंद्राचा शोध कसा घेतला, हा इतिहास बहुधा दुर्बिणीपासून किंवा अग्निबाणापासून सुरू केला जातो, आणि त्यामुळे डिचोली तालुक्यातील आमोण्यासारख्या मांडवीकाठच्या गावाला त्यात जागा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही मांडणी अपुरी आहे. चंद्राविषयीचे पहिले उपयोगी ज्ञान आकाशाकडे पाहून जितके मिळाले, तितकेच ते पाण्याकडे पाहून मिळाले; आणि ज्या समाजांची शेती, मासेमारी व जलवाहतूक भरती-ओहोटीवर अवलंबून होती, त्यांना चंद्राच्या गतीचा हिशेब ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते.

मांडवी या दृष्टीने विशेष आहे. समुद्राची भरती नदीत शिरली की तळाच्या घर्षणाने तिचा जोर आत आत कमी होत जावा, अशी सामान्य अपेक्षा असते. परंतु दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मांडवीत जी निरीक्षणे केली, त्यांवरून असे दिसले की मुखापासून सुमारे 40 किलोमीटरपर्यंत भरतीची उंची जवळजवळ तशीच टिकते आणि त्यानंतरच्या थोड्या अंतरात ती झपाट्याने ओसरते. याचे कारण नदीपात्राच्या आकारात आहे. पात्र आत येताना अरुंद होत जाते, पाणी आवळले जाते, आणि घर्षणाने जे गमावले जाते ते या आवळण्याने भरून निघते. आमोणे याच टप्प्यात असल्यामुळे समुद्र दृष्टीआड असूनही तेथील काठ दिवसातून दोन वेळा चढतो आणि दोन वेळा उतरतो.

या चढ-उतारावर उभी राहिलेली संस्था म्हणजे खाजन. खाऱ्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन मातीचे बांध घालून अडवायची आणि तीत भात पिकवायचे, असे तिचे स्वरूप असून, सहाव्या शतकाच्या सुमारास कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन याने दिलेल्या बांदोडे येथील ताम्रपटात अशा जमिनीचा उल्लेख आढळतो. खाजनाचा प्राण म्हणजे ‘मानस’, म्हणजे बांधात बसवलेली झडपांची मोरी. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटीला, ज्याला गोव्यात ‘सुकती’ म्हणतात, आतल्या पाण्याच्या भाराने ती पुन्हा उघडतात. खारेपणा सोसणारे ‘कोरगुट’ हे भात या जमिनीत घेतले जाई, मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जाई, आणि बांधाच्या डागडुजीची जबाबदारी गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या ग्रामसंस्थेकडे असे. तिसवाडीतील अशा ग्रामसंस्थांच्या रूढी पोर्तुगीजांनी 1526 च्या ‘फोराल’ या सनदेत नोंदवून घेतल्या. डिचोली मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आली आणि ‘नव्या काबिजादी’त गणली गेली.

मानशीची दारे आपोआप चालत असली तरी तिच्यावरच्या माणसाला वेळ ठाऊक असावीच लागे, आणि ती वेळ घड्याळात नव्हे तर तिथीत मोजली जाई. कोकणच्या किनाऱ्यावर रूढ असलेला ठोकताळा असा की पक्षातील तिथीला 3 ने गुणून 4 ने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीचा तास येतो: अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. नदीत आत ही वेळ काहीशी पुढे सरकते, हेही काठावरचा माणूस जाणून असे. या नियमात प्रत्येक तिथीमागे भरती 45 मिनिटांनी पुढे ढकलली जाते. आधुनिक मापनानुसार हे अंतर दिवसाला सुमारे 50 मिनिटे भरते, म्हणजे पाऊणपटीचा हा हिशेब व्यवहाराला पुरेसा चोख होता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन पाणी सर्वाधिक चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात येऊन चढ-उतार मंदावतो, ती भांगाची भरती. आमोण्यापासून जवळच्या नार्वे येथे गोकुळाष्टमीला नदीत स्नानाचा उत्सव भरतो. त्याचे कारण अर्थात धार्मिक आहे, परंतु पाण्याची ओढ सौम्य असण्याच्या काळात हजारोंनी नदीत उतरावे, हा योग सोयीचा आहे खरा.

येथे युरोपातील एका विसंगतीची नोंद करणे अप्रस्तुत होणार नाही. दुर्बिणीतून चंद्रावरचे डोंगर आणि खळगे पाहून 1610 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध करणारा गॅलिलिओ, 1632 च्या आपल्या ग्रंथात भरतीवर चंद्राची सत्ता चालते ही कल्पना झिडकारतो आणि भरतीचे कारण पृथ्वीच्या गतीत शोधतो. चंद्र ज्याने त्या काळी सर्वांत जवळून पाहिला, तोच या मुद्द्यावर चुकला. कारण गुरुत्वाकर्षणात आहे, हे 1687 मध्ये न्यूटनने दाखवल्यावरच हा वाद मिटण्याच्या मार्गाला लागला.

एकोणिसाव्या शतकात भरतीचा अंदाज यंत्राच्या हाती गेला. हिंदुस्थानातील बंदरांसाठी 1879 मध्ये इंग्लंडात एक खास यंत्र तयार झाले, ज्यात चंद्र-सूर्यांच्या निरनिराळ्या आवर्तनांसाठी एकेक चाक होते, आणि त्या सर्वांची बेरीज कागदावर वक्ररेषेने उमटत असे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील पाणपातळीच्या नोंदी 1878 पासून उपलब्ध आहेत. पुढे ज्या मोहिमेने माणूस चंद्रावर उतरवला तिचेही नाव अपोलोच होते, आणि तिचे तिघे अंतराळवीर ऑक्टोबर 1969 मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत येऊन गेले. नावाचा हा योगायोग इतिहासाच्या दृष्टीने निरर्थक असला तरी लक्षात राहणारा आहे.

मोहिमांचा क्रम सुपरिचित आहे. सोव्हिएत ‘लुना 2’ सप्टेंबर 1959 मध्ये चंद्रावर आदळले, ‘लुना 3’ने पुढच्याच महिन्यात त्याची पलीकडची बाजू टिपली, ‘लुना 9’ फेब्रुवारी 1966 मध्ये अलगद उतरले, आणि 1969 ते 1972 या काळात बारा अमेरिकी अंतराळवीर चंद्रावर चालून सुमारे 382 किलो दगडमाती घेऊन आले. भारताच्या ‘चांद्रयान 1’वरील उपकरणामुळे 2009 मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे अंश असल्याचे जाहीर झाले, आणि ‘चांद्रयान 3’चा ‘विक्रम’ हा लँडर 23 ऑगस्ट 2023 रोजी दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशाजवळ उतरला.

मांडवीच्या दृष्टीने यांतील महत्त्वाची वस्तू दगड नव्हे, आरसा आहे. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी जुलै 1969 मध्ये चंद्रावर शंभर लोलकांची एक तबकडी ठेवली, जी आपल्यावर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण तेथे जाऊन सुमारे अडीच सेकंदांत परततो, आणि त्या वेळेवरून चंद्राचे अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात काढता येते. या मापनाने दाखवले की चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटरने दूर जात आहे. तसे होण्याचे कारण भरतीच आहे: पाणी समुद्रतळाशी व किनाऱ्यांशी घासते, त्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन अत्यल्प मंदावते, आणि पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग चंद्राकडे जाऊन त्याची कक्षा रुंदावते. मानशीच्या दारावर आदळणारे पाणी या व्यवहारात नगण्य पण खराखुरा वाटा उचलते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच पाण्यावर दुसरे ओझे आले. डिचोलीतील लोहखनिज बार्जमधून मांडवीने मुरगावकडे जाऊ लागले, पावसाळ्यात आग्वादजवळची नदीमुखाची वाट बंद झाली की ही वाहतूक कुंभारजुव्याच्या कालव्याने वळवली जाई, आणि भरलेल्या बार्जला उथळ जागी भरतीचीच वाट पाहावी लागे. खाणबंदीमुळे 2012 पासून ही वर्दळ अनेकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. बार्जच्या लाटांनी खाजनांचे बांध कसे ढासळतात, हा मांडवीकाठचा जुना वाद आहे. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, आणि त्यानंतर मानशीचा तिथीचा हिशेब ठेवण्याचे कारण उरत नाही. चंद्रावरची 1969 ची तबकडी मात्र अजूनही किरण परत पाठवते आहे.