इंग्रजांचं घर : स्वभाव की कायदा?

‘इंग्रज माणसाचं घर म्हणजे त्याचा किल्ला’ हे वाक्य आपण स्वभावाचा पुरावा म्हणून लिहून मोकळे होतो. पण त्याचं मूळ बघा. १६०४ च्या सेमेन खटल्यात मुद्दा कर्जवसुलीचा होता : शेरीफला दार फोडून आत शिरता येईल का? न्यायालयाने सांगितलं, खासगी देण्यासाठी नाही. राजाच्या कामासाठी मात्र, आधी कळवून, येईल. म्हणजे किल्ला सावकारापुरताच!

मग बागेचं, दुमजली जोडघर ‘आदर्श’ कसं ठरलं? एकोणिसाव्या शतकातले बहुतेक शहरी कामगार तर एकमेकांना खेटून बांधलेल्या घरांच्या रांगांत राहत होते. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स अहवालाने शहरांत एकरी १२ च घरं असावीत असं सुचवलं. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने ती बांधायला स्थानिक संस्थांना सरकारी पैसा दिला. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरं झाली, त्यात अशी जोडघरं भरपूर.

बागेची आवड खोटी नव्हती, पण नुसत्या आवडीने घरं उभी राहत नाहीत. तेव्हा आपल्या प्रस्तावात ‘राष्ट्रीय स्वभाव’ हे कारण लिहिण्याआधी एवढं तपासा : कायदा कधीचा आणि पैसा कोणाचा?