स्लॉटांची जमाबंदी

सर्व्हरच्या बायॉसमध्ये शिरून एखादा स्लॉट बंद करावा किंवा एखाद्या पोर्टला पत्ता नेमून द्यावा, हे काम आज चार कळा दाबून उरकते; परंतु ज्या तंट्याचा निवाडा हा सेटअपचा पडदा करतो, तो तंटा शेताच्या बांधासारखाच चिवट होता, आणि कित्येक वर्षे तो बोटांनी सोडवावा लागे.

१९८१ साली फ्लोरिडातील बोका रेटन येथे आयबीएमच्या मंडळींनी पहिला पीसी सिद्ध केला, तेव्हा त्याला पाच स्लॉट ठेवले. पण कार्डाला प्रोसेसरकडे तगादा लावण्यासाठी ज्या ‘इंटरप्ट’च्या तारा लागतात, त्या इंटेलच्या ८२५९ या चिपवर अवघ्या आठ होत्या, आणि त्यांतल्या दोन घड्याळाने व कीबोर्डने आधीच अडवल्या होत्या. पहिल्या सीरियल पोर्टला ३एफ८ हा पत्ता आणि ४ क्रमांकाची तार जणू वतन म्हणून मिळाली. दुसऱ्याला २एफ८ आणि ३. एका तारेवर दोघांना सुखाने नांदता येईल अशी त्या स्लॉटांना जोडणाऱ्या बसची, म्हणजे सामायिक तारांच्या जुडग्याची, विद्युत्-रचनाच नव्हती. म्हणून नवे कार्ड आणणाऱ्याने मोकळी तार शोधावी, जंपर नावाची ती तांदळाच्या दाण्याएवढी टोपी चिमट्याने उचलून शेजारच्या पिनांवर बसवावी, आणि ती हातून निसटून मदरबोर्डच्या फटीत गेली तर पेटी उलटी करून हलवावी, असा शिरस्ता पडला. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन घरी पीसी जोडणाऱ्यांना साउंड कार्ड आणि प्रिंटर यांचा ७ क्रमांकावरचा कज्जा चांगलाच आठवत असेल.

१९८४ च्या एटी या आयबीएमच्याच पुढच्या पीसीने तारा पंधरांवर नेल्या, आणि मोटोरोलाच्या घड्याळ-चिपमधील ६४ बाइटांच्या स्मृतीत, बॅटरीच्या आधाराने, यंत्राच्या नोंदी ठेवण्याची प्रथा घातली. दफ्तर पेटीत आले खरे. पण ते लिहिणारा कारकून, म्हणजे सेटअपचा प्रोग्रॅम, अजून फ्लॉपीवरच राही. १९८७ च्या मायक्रो चॅनेल या आयबीएमच्या नव्या बसने प्रत्येक कार्डाला ओळखक्रमांक दिला आणि जंपर हद्दपार केले, तरी कार्डासोबतची फ्लॉपी हरवली की कार्ड असून नसल्यासारखे. आयबीएमने मागितलेल्या परवानाशुल्काला कंटाळून कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये ईसा ही प्रतिस्पर्धी बस जाहीर केली. कॉम्पॅकचा सिस्टमप्रो हा सर्व्हर त्याच बसवर उभा राहिला. तिलाही संरचनेची फ्लॉपी सुटली नाही.

खरी जमाबंदी इंटेलच्या पीसीआय या बसने १९९२ मध्ये केली. प्रत्येक कार्ड आपली २५६ बाइटांची सनद सोबत घेऊन येऊ लागले, आणि तिच्या वाचनाची रीत तर मला फार कौतुकाची वाटते : बायॉस पत्त्याच्या रकान्यातील सर्व घरांत एकचा आकडा लिहितो, तोच रकाना परत वाचतो, आणि जी घरे हट्टाने शून्यच राहिली त्यांवरून कार्डाला किती जागा हवी ते ताडतो. मग तो स्वतःच पत्ते वाटतो. तारही अनेकांना मिळून वापरता येते.

एवढे झाल्यावर माणसाला काम उरले नाही असे वाटावे. पण सर्व्हरच्या बाबतीत तसे झाले नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या सोळा मार्गिकांच्या स्लॉटमध्ये चार एनव्हीएमई ड्राइव्ह धरणारे साधे कार्ड बसवले, आणि त्या स्लॉटची वाटणी चार-चार-चार-चार अशी सेटअपमध्ये नेमून दिली नाही, तर पहिला ड्राइव्ह तेवढा दिसतो व उरलेले तिघे मुके राहतात. कारण सोळाही मार्गिका एकाच्याच मालकीच्या आहेत अशी यंत्राची समजूत असते. मोठ्या ग्राफिक्स कार्डांना चार गिगाबाइटांखालची जागा अपुरी पडते, म्हणून तिच्या वरची जागा खुली करण्याचा एक पर्याय तेथेच असतो, आणि तो बंद राहिल्यामुळे निर्दोष कार्डावर सदोषतेचा शिक्का बसतो. त्याच सेटअपमध्ये सीरियल पोर्टचे पान उघडावे, ज्याच्यावाटे दूरवर बसलेला व्यवस्थापक सर्व्हरचा कन्सोल पाहतो, तर तेथे पहिल्या पोर्टपुढे बहुधा तेच आकडे लिहिलेले असतात : ३एफ८, ४.