हॉलिवूडचा पडदा आणि नळदुर्गचा साहेब

‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ हा चित्रपट 1984 साली आला. त्यात हिमालयाच्या पायथ्याशी वसलेले एक खेडे आहे. विहिरी आटलेल्या, शेते करपलेली, गावातली मुले कुणीतरी पळवून नेलेली. नायक तिथे पोचतो आणि गावकरी हात पसरून त्याच्याभोवती जमतात. गावकऱ्यांचे बोलणे नीट ऐकले तर लक्षात येते की ही मंडळी सिंहली बोलत आहेत. पटकथेत बदल करा असे भारत सरकारने सुचवले होते. निर्मात्यांना ते मान्य झाले नाही आणि चित्रीकरण श्रीलंकेत, कँडीच्या परिसरात झाले. पुढे राजवाडा येतो. तिथला दिवाण ऑक्सफर्डची स्वच्छ इंग्रजी बोलतो. तळघरातल्या देवळात मोलाराम हा पुजारी जिवंत माणसाचे काळीज काढतो. ही भूमिका अमरीश पुरी यांची, आणि ऐन बळी देताना मोलाराम हिंदीत बोलतो. म्हणजे एकाच मुलखातल्या गरिबाच्या तोंडी सिंहली, दिवाणाच्या तोंडी इंग्रजी आणि खुन्याच्या तोंडी हिंदी. ही वाटणी कुणी बसून ठरवली असेल असे नाही. पण झाली ती अशी, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तिचा पत्ताही लागला नाही.

आपल्याला तो लागतो. दक्षिण आशियातली माणसे, मुसलमान माणसे आणि त्यांच्या भाषा हॉलिवूडने कशा दाखवल्या, हा अभ्यास गेली चार-पाच दशके जगभर चालू आहे. त्याची दारे मराठी वाचकासाठी, त्यातही धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा-उमरगा-तुळजापूर भागातल्या तरुण वाचकासाठी उघडावीत, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. हे विद्यापीठातल्या मोठ्या लोकांचे काम, आपले नव्हे, असा संकोच अनेकांना वाटतो. तो सोडून द्यावा. या विषयाचा एक धागा आपल्याच शिवारातून गेला आहे.

लोहाऱ्याच्या शेजारच्या तुळजापूर तालुक्यात नळदुर्ग आहे. तिथला किल्ला आणि बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल पाहायला लांबून लोक येतात. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला आणि त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. टेलर 1808 साली लिव्हरपूलला जन्मला, पोरवयात मुंबईला आला आणि निजामाच्या नोकरीत रुळला. 1857 चा उठाव पेटला तेव्हा तो नळदुर्गलाच होता. त्याच वर्षी त्याची वऱ्हाडात बदली झाली. 1860 मध्ये नळदुर्गचा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

हा टेलर कादंबरीकार होता. नळदुर्गला येण्याच्या कितीतरी आधी, 1839 साली, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तुफान खपली. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम चालवली होती आणि त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश 1836 साली छापला होता. टेलरने त्या मोहिमेच्या वातावरणातून अमीर अली हा नायक उभा केला. हा मुसलमान ठग भवानीचे शकुन पाहून वाटसरूंचे गळे आवळतो आणि आपली हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगतो. तुळजापूरच्या पायरीवर लहानाचा मोठा झालेल्या वाचकाने हे पुस्तक एकदा अवश्य वाचावे. आपल्या घरच्या कुलदेवतेचे नाव परक्या वाचकाच्या मनात खुनाशी कसे जोडले गेले, हे त्यात पानोपानी दिसते. वाटमारी करून माणसे मारणाऱ्या टोळ्या होत्या, यात शंका नाही. पण देवीच्या आज्ञेने खून करणारा देशव्यापी गुप्त पंथ होता का, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. सिनेमाने त्या वादाची वाट पाहिली नाही.

1939 चा ‘गंगा दीन’ घ्या. जॉर्ज स्टीव्हन्सने किपलिंगच्या कवितेवरून तो केला. वायव्य सरहद्दीचे डोंगर म्हणून कॅलिफोर्नियातले डोंगर वापरले, गंगा दीनच्या भूमिकेत सॅम जॅफी या न्यूयॉर्कच्या नटाला काळेसावळे रंगवले आणि ठगांचा पंथ पुन्हा जिवंत झाला असे दाखवले. 1959 मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ काढला. 1988 मध्ये इस्माईल मर्चंट यांच्या निर्मितीत ‘द डिसीव्हर्स’ आला. त्यात पियर्स ब्रॉस्नन वेषांतर करून ठगांत शिरतो. मोलाराम याच ओळीतला. मला या ओळीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती गळती. टेलरच्या अमीर अलीला बालपण होते, प्रेम होते, पश्चात्तापही होता आणि कादंबरीभर बोलायला जागा होती. टेलर साम्राज्याचा चाकर होता, तरी त्याला समोरच्या माणसाचे बोलणे ऐकायची सवय होती. शंभर वर्षांनी पडद्यावर आलेल्या ठगाला फक्त घोषणा उरल्या. साम्राज्य गेले, पण प्रतिमा सुधारली नाही, उलट उथळ झाली.

मुसलमान पात्रांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. जॅक शाहीन हे लेबनॉनी वंशाचे अमेरिकन अभ्यासक. त्यांनी नऊशेहून अधिक चित्रपट पाहून 2001 साली ‘रील बॅड अरब्ज’ हे पुस्तक लिहिले. वाळवंटातला शेख, बुरख्यातली मुकी बाई, बॉम्ब बांधलेला तरुण, हे साचे मूकपटांच्या काळापासून कसे चालत आले, ते त्यांनी एकेका चित्रपटाची नोंद करून दाखवले. अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब, हा घोळही त्यांनी उघड केला. ‘अलादीन’ या चित्रपटाच्या पहिल्याच गाण्यातली एक ओळ लोकांनी आक्षेप घेतल्यावर 1993 च्या व्हिडिओ आवृत्तीत बदलावी लागली, म्हणजे बोलल्याने काही होते. अमेरिकेवरच्या 2001 च्या हल्ल्यानंतर कथांमध्ये वाईट मुसलमानाच्या शेजारी एक चांगला मुसलमान ठेवायची पद्धत पडली. अभ्यासक एव्हलिन अलसुलतानी यांचे म्हणणे असे की यामुळे चित्र गुंतागुंतीचे झाल्याचा भास होतो, पण कथेची चौकट दहशतवादाचीच राहते. नट रिझ अहमद यांच्या भाषणातून प्रेरणा घेऊन 2018 साली ‘रिझ टेस्ट’ निघाली. पात्र दहशतवादाशीच बांधलेले आहे का, विनाकारण संतापणारे आहे का, पुरुष असेल तर बायकांना छळणारे आणि बाई असेल तर छळली जाणारी आहे का, असे तिचे साधे प्रश्न आहेत. आणि आकडे हवे असतील तर कॅलिफोर्नियातल्या ॲननबर्ग संस्थेची 2021 ची पाहणी आहे. 2017 ते 2019 मधल्या 200 गाजलेल्या चित्रपटांत बोलणारी पात्रे 8,965 होती, त्यांत मुसलमान 1.6 टक्के.

बोलणारी पात्रे, हा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: कोणत्या भाषेत? इथे या अभ्यासाची अजून बरीच जमीन पडीक आहे. ‘झीरो डार्क थर्टी’ हा 2012 चा चित्रपट पाकिस्तानात घडतो, चित्रीकरणाचा काही भाग चंदीगडला झाला आणि त्यातले पाकिस्तानी लोक आपसांत अरबी बोलतात. पाकिस्तानी प्रेक्षकांनी ती चूक लगेच पकडली. एवढा पैसा, एवढे सल्लागार, आणि उर्दू व अरबीतला फरक कुणाच्या कानाला खटकला नाही. कारण पडद्यावर त्या भाषेला अर्थाचे काम नव्हतेच; तिने फक्त धोका सुचवायचा होता. इंग्रजी चित्रपटांच्या उपशीर्षकांतही अनेकदा पात्र नुसते ‘परकी भाषा’ बोलते, एवढेच लिहिलेले असते. माणूस बोलला, पण काय बोलला ते नोंदवायच्या लायकीचे ठरले नाही.

चांगल्या हेतूच्या चित्रपटांनाही हाच प्रश्न विचारावा. ॲटनबरोंच्या ‘गांधी’मध्ये डॉ. श्रीराम लागू गोखल्यांच्या भूमिकेत इंग्रजी बोलतात ते पटते. गोखले आणि गांधी यांचा बराच व्यवहार इंग्रजीतच होता. पण रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा नवऱ्याशी घरातही इंग्रजीच बोलतात. हट्टंगडींनी ती भूमिका इतक्या ताकदीने केली की त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि तरीही गुजराती नवराबायकोतली जवळीक आपल्या कानापर्यंत पोचत नाही. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ने मुंबईच्या मुलांना हिंदी बोलू दिली आणि उपशीर्षके रंगीत चौकटींत पडद्यावर इकडेतिकडे फिरवले; वाचणे हाही खेळाचा भाग झाला. मात्र विकास स्वरूप यांच्या कादंबरीतला राम मोहम्मद थॉमस पडद्यावर जमाल मलिक झाला. तीन धर्मांचे नाव घेऊन जगणाऱ्या अनाथ मुलाऐवजी दंगलीत आई गमावलेला मुसलमान मुलगा आला. या बदलाने कथेला धार आली की ती सोपी झाली, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. मला ती सोपी झाली असे वाटते. अलीकडच्या ‘द बिग सिक’ आणि ‘मिस मार्व्हल’मध्ये घरगुती इंग्रजीत उर्दू सहज मिसळते, आई रागावते आणि पोटभर खायलाही घालते. दोन्हींतल्या पाकिस्तानी आया मुंबईच्या पारशी घरातल्या झेनोबिया श्रॉफ यांनी रंगवल्या आहेत.

मराठी माणूसही या पडद्यावर आला आहे. 1963 च्या ‘नाइन अवर्स टु रामा’त पुण्याचा नथुराम गोडसे होर्स्ट बुखहोल्ट्स या जर्मन नटाने केला, चित्रपटावर भारतात बंदी आली. त्यावर मराठीत सविस्तर अभ्यास व्हायला हवा.

आता लोहाऱ्याच्या वाचकाबद्दल. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, दफ्तराची भाषा उर्दू होती. आजही आठवडी बाजारात मराठी चालते, मुसलमान घरांतून दखनी चालते, सीमेपलीकडची कन्नड कानावर पडते. दखनीतला ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीशी नाते सांगतो, हे इथल्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. लखनऊची उर्दू, हैदराबादची दखनी आणि मुंबईची हिंदी यांतला फरक त्याला ऐकताक्षणी कळतो. परदेशातल्या कित्येक अभ्यासकांना त्यासाठी वर्षे घालवावी लागतात. शिवाय मुसलमानाची भाषा एकच असते, हा हॉलिवूडचा समज इथे टिकत नाही. शाहीर अमर शेख शेजारच्या बार्शीचे, त्यांनी मराठीत गायले. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली सोलापूरला भरले, फकरुद्दीन बेन्नूर त्याच्या धुरिणांपैकी एक. असे मुसलमान पात्र हॉलिवूडच्या एकाही पटकथेत मला भेटलेले नाही.

सुरुवात कुठून करावी? एखादा प्रसंग आधी चित्र झाकून नुसता ऐकावा, मग आवाज बंद करून नुसता पाहावा. कोण बोलते, कोणाच्या बोलण्याला उपशीर्षक मिळते, कोण गर्दीत विरघळते, हे वहीत लिहावे. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी. भाषेचे सल्लागार कोण होते ते तिथे कळते. नुसती चीड घेऊन बसू नये. चीड खरी असते, पण तिच्याने पुढचे दहा चित्रपट पाहून होत नाहीत.

जुन्या मराठी माणसांनी या विषयात काय केले, तेही पाहावे. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल 1935 पासून मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक चालवत. निर्माते कोर्डा यांच्या ‘द ड्रम’ या चित्रपटाविरुद्ध 1938 साली मुंबईत निदर्शने झाली, ‘गंगा दीन’विरुद्ध ओरड झाली, त्या काळात भारताची बदनामी करणाऱ्या चित्रपटांवर या मासिकाने मोहीम चालवली. ख्वाजा अहमद अब्बासही त्यात लिहीत. परक्याच्या कॅमेऱ्यातला अन्याय बाबूरावांना इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट दिसला. पुढे ‘मदर इंडिया’ या त्यांच्याच मासिकात त्यांनी मुसलमानांबद्दल जे लिहिले, त्यावरून दोन समाजांत वैर पसरवल्याचा खटला झाला, ते दोषी ठरले आणि 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. 1939 ची टीका आणि हे नंतरचे लेख एकाच माणसाचे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, आणि हॉलिवूडला लावलेले प्रश्न त्याच क्रमाने आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांनाही लावावेत. त्या कामाला अजून बऱ्याच जणांनी हात घालायला हवा. ज्यांना तो घालायचा आहे, त्यांचे इथे स्वागत आहे.