गाडगं, टोप आणि दुपट्टा

घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. गेल्या वर्षी बाबांच्या नाकाशेजारचा एक काळपट मस कापून काढावा लागला. मस म्हणजे आम्ही सगळे त्याला मसच समजत होतो. मधूनमधून त्यातून रक्त यायचं, खपली धरायची, खपली पडली की पुन्हा तेच. दाढी करताना लागलं असेल म्हणून वर्ष काढलं. तपासणीत निघाला त्वचेचा कर्करोग, 'बेसल सेल' प्रकारचा. हा हळू वाढतो, सहसा दूर पसरत नाही आणि वेळेत काढला की बरा होतो. तसा तो झाला. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात हा कमी, पण सावळ्या कातडीत तो बहुधा काळाच दिसतो आणि तीळ किंवा मस समजून राहून जातो. कारण विचारलं तर डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारला : ऊन.

मला ते पचेना. अकोल्याच्या माणसाला उन्हाचं कोणी शिकवावं? पारा ४५ च्या पुढे जाणं आम्हाला नवं नाही. खिशात कांदा, घरात कैरीचं पन्हं, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, डोक्याला दुपट्टा आणि दुपारी बाजारपेठेत शुकशुकाट, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र. मे २०२४ मध्ये तर उन्हासाठी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. कामगारांना सावली आणि पाणी द्या, शिकवण्या दहा ते पाच बंद ठेवा, असा हुकूम. दंगलीचं कलम उन्हाला लावणारे आम्ही! मग चुकलं कुठे?

ते शोधता शोधता मी आमच्या भागातल्या डोक्यांच्या इतिहासात शिरलो. डोकी म्हणजे डोक्यावर काय होतं, ते.

वऱ्हाडातलं सगळ्यात प्रसिद्ध शिरस्त्राण मातीचं होतं. डेबूजी झिंगराजी जानोरकर १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. तिथे त्यांनी गुरं राखली, नांगर धरला. १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढे गाडगेबाबा झाले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर. जेवायच्या वेळी तेच ताट. त्यांनी ते उन्हासाठी घेतलं असं मी म्हणत नाही, पण उन्हातान्हात गुरांमागे हिंडलेल्या माणसाला खापराची सावली कळत नसेल असंही वाटत नाही. फक्त त्याला झालर नाही. नाक, कान, मान उघडी.

दुसरं शिरस्त्राण साहेबाचं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि कापसाच्या मागोमाग आमच्याकडे सोला टोप आला. 'सोला' ही बंगालच्या पाणथळीतली वनस्पती, तिच्या भेंडासारख्या हलक्या गाभ्याचा हा टोप. इंग्रजांनी पुढे त्याचं 'सोलर' करून टाकलं! साहेबाला तेव्हा पक्की खात्री होती की इकडच्या उन्हातले 'ॲक्टिनिक' किरण कवटीतून थेट मेंदूत आणि पाठीतून मणक्यात शिरतात. म्हणून टोपाखेरीज पाठीच्या कण्यावर फ्लॅनेलची गादी बांधायची. याच समजुतीतून फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैनिकांना नारिंगी रंगाची अंतर्वस्त्रं घालून पाहिली गेली. फायदा शून्य, उलट उकाडा जास्त. (हसू नका, आपण कांदा बाळगतो.) दुसऱ्या महायुद्धात सैनिक टोपाशिवाय हिंडले, मेंदू शाबूत राहिले आणि टोप गेला.

गंमत अशी की कारण चूक होतं, पण वस्तू बरोबर होती. त्या टोपाच्या रुंद झालरीने नाक, कान, मान झाकली जायची. आमच्या पांढऱ्या टोपीला झालरच नाही.

आणि साहेबाचीही एक फसगत झालीच. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने गाविलगड घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी कॅप्टन रॉबिन्सनला शेजारचं चिखलदरा सापडलं आणि पुढे ते साहेबांचं उन्हाळ्यात पळून जायचं ठिकाण झालं. उंची सुमारे १,१०० मीटर, हवा गार. पण कातडी जाळतात ते अतिनील किरण, आणि त्यांचा गारव्याशी काही संबंध नाही. दर हजार मीटर चढलं की ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे साहेब उकाड्यातून सुटून जास्त कडक किरणांत जाऊन बसत होता. हे किरण योहान रिटरने १८०१ मध्येच शोधले होते, पण ते कातडीचं काय करतात हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

इथे माझी ट्यूब पेटली. ऊन एक नाही, दोन आहेत. एक तापवणारं, त्याला आम्ही ओळखतो. दुसरं कातडीत शिरणारं, ते अंगाला कळतच नाही. उकाडा दुपारी तीन-चारला सगळ्यात जास्त, अतिनील किरण मात्र सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे साडेबाराच्या आसपास. 'ऊन व्हायच्या आत दहा-अकराला जाऊन येतो' म्हणणारा माणूस उष्माघातातून वाचतो, कातडी वाचतेच असं नाही.

बाबा कापसाचे ग्रेडर होते. तीस वर्षं खरेदी केंद्राच्या आवारात गाड्यांच्या रांगेत उभं राहून बोटांत धागा ताणून पाहायचे. आणि कापसाचा हंगाम कधी? दिवाळीनंतर. डिसेंबर-जानेवारीतलं ऊन किती गोड लागतं! एप्रिलमध्ये न चुकता दुपट्टा बांधणारे बाबा हिवाळ्यात तो घरी ठेवून जायचे. आमच्या अक्षांशावर हिवाळ्यातही भरदुपारचे अतिनील किरण काळजी घेण्याइतके असतातच. त्यांनी उन्हाळ्याचा हिशेब चोख ठेवला, हिवाळ्याचा ठेवलाच नाही. आम्हीही नाही.

मग क्रीम का नाही लावलं? बाटली मी पाच-सहा वर्षांपूर्वीच आणून दिली होती. ती तशीच पडून. "मले काय आता नवरदेव व्हाचं हाये काय?" हे उत्तर. यात त्यांची चूक नाही. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, २०२० मध्ये तिने 'फेअर' शब्द सोडला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत चेहऱ्याला लावायचं क्रीम म्हणजे गोरं व्हायचं औषध हे आपल्या डोक्यात घट्ट बसलं. ऊन लागू नये म्हणून नव्हे, काळं पडू नये म्हणून सनस्क्रीन. मग म्हातारा ग्रेडर आणि निंदणाऱ्या बाया म्हणणारच, हे आपलं नाही.

खरं तर सगळ्यात शहाणा पोशाख त्या बायांचाच. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला-कानांना रुमाल. जाड, गडद, घट्ट विणीचं कापड अतिनील किरण चांगले अडवतं. आमचा पातळ पांढरा पंचा ओला करून घेतला की गार वाटतं, पण ओल्या पातळ कापडातून किरण जास्तच आत येतात. आणि अमरावतीत स्कूटीवरच्या मुली स्कार्फ, गॉगल, हातमोजे घालून निघतात त्यांना आपण 'डाकू' म्हणून हसत आलो. माझी बहीणही त्यातलीच, तिची जाहीर माफी मागतो.

(ड जीवनसत्त्वाचं कोणीतरी विचारणारच. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. ऊन थोडं वर आल्यावर हातपाय काही मिनिटं उघडे ठेवा, तोंड झाका.)

बाबांना मी आकडे सांगितले नाहीत, सावली सांगितली. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक, लांब असेल तर बाहेर पडायला हरकत नाही. मेच्या चौथ्या आठवड्यात अकोला-अमरावतीत भरदुपारी सावली पायाखाली नाहीशीच होते. हे त्यांना लगेच पटलं, घड्याळाआधी सावलीवरच दिवस मोजणाऱ्या घरातले ते. आता क्रीमही लावतात, पण दार लावून.

परवा भरदुपारी भाजीची पिशवी घेऊन निघाले होते. फाटकाशी थांबले, जमिनीकडे पाहिलं. "आखूड झाली," म्हणाले आणि दुपट्टा घ्यायला परत आत आले. महिना डिसेंबरचा होता.