सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण व परदेशीय सहकार्य : कलकत्ता, सिंगूर आणि जामखेड

वैद्यकाचे शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव जगात फार उशिरा उत्पन्न झाली. वैद्याचा विषय रोगी मनुष्य. आरोग्याधिकाऱ्याचा विषय गाव, शहर अथवा जिल्हा. पाणी, मैला, अन्न, जन्ममृत्यूची नोंद, साथींचा प्रसार आणि शासनाचा कारभार ह्यांचे एकत्रित ज्ञान त्यास आवश्यक असते. हे ज्ञान देणारी स्वतंत्र विद्यालये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाली, आणि त्यांतील बहुतेक परस्परांच्या साहाय्याने निघाली. हिंदुस्थानातील अशा पहिल्या मोठ्या संस्थेचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बाहेरून आलेले द्रव्य व नमुना ह्यांतून देशाच्या गरजेला उपयोगी पडेल असे शिक्षण उभे राहू शकते काय, हा त्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

ह्या विद्यालयांचे मूळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत सापडते. तेथे 1909 साली रॉकफेलर ह्यांच्या देणगीतून अंकुशकृमीच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. औषध स्वस्त होते व रोगाचे कारण ज्ञात होते; परंतु पूर्ण वेळ काम करणारे शिक्षित आरोग्याधिकारीच उपलब्ध नव्हते. ह्या मोहिमेचे सूत्रधार विक्लिफ रोझ ह्यांनी विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च ह्यांच्यासह 1915 साली एक अहवाल तयार केला, आणि त्यातून बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1916 साली आरोग्यशास्त्राचे विद्यालय स्थापन झाले. ह्यानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाने हेच धोरण इतर देशांत नेले. लंडनच्या विद्यालयास त्याने 20 लाख डॉलर दिले व त्या विद्यालयाची नवी इमारत 1929 साली उघडली. झाग्रेब येथे आंद्रिया श्टाम्पर ह्यांच्या पुढाकाराने 1927 साली तसेच विद्यालय निघाले. ठिकठिकाणचे तरुण वैद्य शिष्यवृत्तीवर बाल्टिमोर व हार्वर्ड येथे जाऊन शिकून येत व आपापल्या देशांत अध्यापन करीत. अशा रीतीने दोन दशकांत ह्या विद्यालयांचे एक जाळेच विणले गेले.

कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्था ह्याच जाळ्यातील एक होय. तिची स्थापना 30 डिसेंबर 1932 रोजी झाली. जागा, इमारत व उपकरणे ह्यांचा खर्च रॉकफेलर प्रतिष्ठानाने उचलला आणि चालू खर्चाचा भार हिंदुस्थान सरकारने स्वीकारला. ही वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. देणगीदाराचा हात एकदाच पुढे यावा आणि नंतर संस्था त्या देशाच्या खजिन्यावर चालावी, हा प्रतिष्ठानाचा सर्वत्रचा संकेत होता. ह्यायोगे परावलंबन टळत असे. तथापि संस्थेला स्थैर्य मिळाले, तरी तिला स्वतःची दृष्टी मिळालीच असे म्हणता येत नाही. अभ्यासक्रमाची विभागणी व प्रयोगशाळांची मांडणी ह्यांवर परदेशीय विद्यालयांची छाप होती, आणि खुद्द संस्था शहराच्या मध्यभागी, उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयाला लागून उभी होती. ज्या खेड्यांत देशाची बहुसंख्य प्रजा हिवतापाने व पटकीने गांजलेली होती, ती खेडी ह्या इमारतीपासून दूरच राहिली.

ही उणीव भरून काढण्याचे कार्य सिंगूर येथे घडले. हुगळी जिल्ह्यातील ह्या गावी 1939 साली संस्थेचे ग्रामीण आरोग्यकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी जॉन ब्लॅक ग्रँट हे संस्थेचे संचालक म्हणून आले व 1945 पर्यंत त्या पदावर राहिले. ग्रँट ह्यांचा पूर्वानुभव ह्या ठिकाणी महत्त्वाचा आहे. त्यांचा जन्म 1890 साली चीनमधील निंगबो येथे मिशनरी कुटुंबात झाला होता. बाल्टिमोरच्या नव्या विद्यालयात शिक्षण घेऊन ते 1921 साली पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि 1925 साली त्यांनी शहराचा एक विभाग घेऊन तेथे आरोग्यकेंद्र उभारले. वैद्यक शिकणाऱ्यास जसे रुग्णालय, तसा आरोग्यशास्त्र शिकणाऱ्यास प्रत्यक्ष लोकसमूह असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे विद्यार्थी चेन झिचियान ह्यांनी पुढे हार्वर्ड येथे शिक्षण घेतले. परंतु 1932 पासून डिंगशियान जिल्ह्यात काम करताना त्यांनी हार्वर्डचा नमुना उचलला नाही. खेड्यातीलच शेतकऱ्यांना अल्प शिक्षण देऊन त्यांनी देवी टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे व किरकोळ उपचार करणे ही कामे त्यांच्याकडे सोपविली.

म्हणजे कलकत्त्यास जी कल्पना आली, ती सरळ बाल्टिमोरहून आली असे म्हणणे अपुरे होय. ती चीनमधील अनुभवातून तावूनसुलाखून आली. दोन दरिद्री व शेतीप्रधान देशांमधील ही देवघेव अमेरिकन द्रव्याच्या वाटेने घडली, तरी तिचा आशय अमेरिकन नव्हता. सहकार्याच्या इतिहासात ही बाब बहुधा दृष्टिआड होते. कारण कागदपत्रांत देणगीच्या रकमा नमूद असतात, आणि अनुभव कोणाच्या सोबतीने कोठून कोठे गेला ह्याची नोंद क्वचितच आढळते.

ह्या देवघेवीचा सर्वांत मोठा परिणाम भोर समितीच्या अहवालात दिसतो. ही समिती 1943 साली नेमण्यात आली व तिचा अहवाल 1946 साली प्रसिद्ध झाला. ग्रँट हे तिचे सभासद होते. तसेच मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी हेही होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासकार हेन्री सिगेरिस्ट हे 1944 साली सल्लामसलतीसाठी हिंदुस्थानात आले. प्रारंभीच्या योजनेत सुमारे 40,000 वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, आणि प्रत्येक वैद्यास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, ह्या समितीच्या प्रमुख शिफारशी होत. खर्च करण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व तिने स्वीकारले. स्वातंत्र्योत्तर काळातील ग्रामीण आरोग्ययंत्रणेचा पाया ह्या अहवालावर घातला गेला. सिंगूरचा अनुभव हाताशी नसता, तर खेड्यातील आरोग्यकेंद्राची कल्पना केवळ कागदी ठरली असती.

परंतु प्रत्येक सहकार्याला असे फळ आले नाही. हार्वर्डच्या विद्यालयाने लुधियाना येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने 1953 पासून पंजाबातील खन्ना भागात लोकसंख्येचा दीर्घ अभ्यास केला. घरोघर भेटी, जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद, संततिनियमनाच्या साधनांचे वाटप, हे सर्व शास्त्रशुद्ध रीतीने चालले. पण जन्मप्रमाणावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. महमूद ममदानी ह्यांनी 1972 साली ह्या प्रयोगाची कठोर चिकित्सा केली. शेतकऱ्यास मुले हा भार वाटत नसून कष्टाला व म्हातारपणाला आधार वाटतो, ही गोष्ट अभ्यासकांनी जाणून घेतली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. येथेही कार्यक्षेत्र खेडेच होते. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तो प्रश्न आधीच ठरलेला होता, आणि गावकऱ्यांच्या वाट्याला माहिती देण्याचेच काम आले. म्हणून केवळ खेड्यात जाण्याने सहकार्य सफल होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ह्याच पंजाबात नारंगवाल येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यालयाचे कार्ल टेलर ह्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने केलेले कार्य वेगळ्या वळणाचे होते. बालकांचे पोषण, संसर्गावरील उपचार व कुटुंबनियोजन ह्यांचा एकत्रित विचार तेथे झाला. हे कार्य 1974 साली बंद पडले. परंतु टेलर ह्यांच्या शिकवणीचा धागा तोपर्यंत महाराष्ट्रात पोचला होता. रजनीकांत व मेबल आरोळे हे दांपत्य जॉन्स हॉपकिन्स येथे टेलर ह्यांच्यापाशी शिकले आणि 1970 साली त्यांनी त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यात कार्य आरंभिले. शिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठविण्याचा त्यांचा प्रारंभीचा प्रयत्न फसला; त्या गावात परक्याच राहिल्या. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांना शिकविण्याचा मार्ग त्यांनी धरला. बाळंतपण, अतिसार, लसीकरण व मुलांचे वजन ह्या बाबी ह्या स्त्रिया सांभाळू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा वृत्तांत समाविष्ट झाला, आणि 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जामखेड येथेच प्रशिक्षण संस्था उभी राहिली व परदेशातील आरोग्यसेवक तेथे शिकावयास येऊ लागले. ज्या वाटेने विद्यार्थी बाल्टिमोरला गेले होते, त्याच वाटेने इतर देशांतील विद्यार्थी जामखेडला आले. आणि तेथे त्यांना शिकविणाऱ्यांत खेड्यातील स्त्रियाही होत्या.

ह्या सर्व वृत्तांतावरून सहकार्याची एक कसोटी हाती लागते. देणगीचा आकार, इमारतीची भव्यता अथवा शिष्यवृत्त्यांची संख्या ह्यांवरून तिचे यश मापता येत नाही. शिक्षणासाठी आपले स्वतःचे कार्यक्षेत्र आहे काय, आणि त्या क्षेत्रातील लोकांना अभ्यासाचा प्रश्न बदलण्याचा अधिकार आहे काय, ह्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कलकत्त्याच्या संस्थेजवळ पहिली गोष्ट सिंगूरमुळे आली. खन्ना येथे पहिली होती, दुसरी नव्हती. जामखेड येथे दोन्ही एकत्र आल्या, आणि म्हणूनच तेथे घेतलेल्या विद्येची परतफेड विद्येनेच करता आली. आजही देशोदेशींच्या विद्यालयांत सहकार्याचे नवे करार होत असतात. त्यांच्या कलमांत द्रव्य, अध्यापक व अभ्यासक्रम ह्यांची तरतूद असते. प्रश्न ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहील ह्याचीही तरतूद त्यांत असावी, एवढे ह्या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.